करवंदाची लागवड: आधी पिशव्या, मग फळं

गेल्या खेपेला मे महिन्यात काढलेलं बी डब्यात जपून ठेवलं, पाऊस लागल्यावर पेरलं, आणि एकही रुजलं नाही. म्हणून यंदा आधी पिशव्या भरून ठेवायच्या, मगच करवंदं आणायला जायचं. सहा बाय आठ इंची पिशवी, तळाला भोकं, दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. माती चिकट असेल तर थोडी वाळू.

फळं जाळीवरच, म्हणजे करवंदाच्या झुडपावरच, पिकून काळी झालेली हवीत. मोठ्या, गोड फळांच्या दोन-तीन जाळ्या आत्ताच हेरून ठेवा. तरी बियांची सगळी रोपं आईसारखी निघत नाहीत. एकसारखी टपोरी फळंच हवीत तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ जातीची रोपं आणा.

गर चोळून चपटं बी वेगळं करा, धुवा, सावलीत निथळू द्या. पेरणी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. चिबडाचं बी राखेत माखून भिंतीला थापलं की पुढच्या पावसापर्यंत टिकतं. करवंदाचं टिकत नाही! उन्हात वाळवू नका, डब्यात भरू नका, मिरगाची वाट पाहू नका. पिशव्या भरलेल्या नसतील तर फळं खाऊन टाका, बी काढूच नका. पिशवीत दोन बिया, सेंटीमीटरभर खोल, वर सावली, माती ओलसर. रोप सावकाश वाढतं, लावणी पुढच्या वर्षीच.

खड्डे त्या उन्हाळ्यात खणा: दीड फूट लांब, रुंद, खोल. बाग असेल तर दोन-अडीच मीटरवर, कुंपणाला मीटरभर पुरे. सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावरची, हलकी जमीन चालते, पण खाली सलग कातळ असेल तर खड्ड्याचं डबकं होतं आणि मुळं कुजतात. बादलीभर पाणी ओतून बघा. तासाभरात जिरलं नाही तर जागा बदला. खड्डा मातीने आणि दोन घमेली शेणखताने भरा, मधे थोडा उंचवटा ठेवा.

काटे असले तरी कोवळा शेंडा गुरं खातात, आणि भातकापणीनंतर गुरं मोकाट सुटतात. दगडांचा गडगा नाही तर काटेरी फांद्यांचं कुंपण, पण दोन वर्षं राखण हवीच. दिवाळीनंतर भोवतालचं गवत कापा, वणवा लागतो. छाटणी पावसाआधी, हातमोजे घालून, चीक चिकटतो. फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी. लोणच्याला हिरवं तोडा. पिकलेलं दोन-तीन दिवसांत विका. आणि त्यातलं बी ठेवायचं असेल तर पिशव्या भरल्यात का, ते आधी बघा.