परकीय भाषेच्या अभ्यासात उजळणी कशी करावी

वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहती, अजिंठा-वेरूळला येणारे जपानी पर्यटक आणि कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी केलेला करार, या कारणांनी मराठवाड्यातील विद्यार्थी जर्मन किंवा जपानी शिकण्याचा विचार करू लागला, तर त्याने प्रथम आपली अभ्यासाची सवय तपासावी. धडा पुन्हा पुन्हा वाचल्याने शब्द ओळखीचे वाटू लागतात; मात्र पुस्तक मिटल्यावर ते जिभेवर येतीलच असे नाही. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या विद्यार्थ्याला सतत चाचण्या देण्याची सवय असते आणि तीच येथे सर्वांत उपयोगी पडते. फक्त ही चाचणी गुणांसाठी नसून स्वतःची स्वतः रोज घ्यावयाची असते.

शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये मांडले. त्यावर सेबास्टियन लाइटनर या विज्ञानलेखकाने १९७० च्या दशकात सुचवलेला उपाय आजही बिनखर्चाचा आहे. एका खोक्यात चार-पाच कप्पे करावेत आणि प्रत्येक कार्डाच्या एका बाजूस मराठी, तर दुसऱ्या बाजूस परकीय शब्द लिहावा. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने आणि त्यापुढचे आणखी अंतराने तपासावेत. हेच काम मोबाइलवर अँकी हे अ‍ॅप करते, तरी सुरुवातीचे काही महिने हाताने लिहिलेली कार्डे वापरणे मला अधिक योग्य वाटते, कारण लिहितानाच एक उजळणी होऊन जाते. रोज दहा नवे शब्द पुरेत. तीस घेतल्यास काही दिवसांत उजळणीचाच डोंगर उभा राहतो.

कार्डावर सुटा शब्द न लिहिता छोटे वाक्य लिहावे. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे असली, तरी ती मराठीशी जुळतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक नाम ‘डेअर’, ‘डी’ किंवा ‘दास’ यांपैकी त्याच्या उपपदासह पाठ करावे. जपानीत वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि नामानंतर प्रत्ययासारखे शब्द येत असल्याने मराठी भाषकाला वाक्यरचना लवकर उमगते. हिरागाना या जपानी लिपीची अ, इ, उ, ए, ओ अशी मांडणीही आपल्या वर्णमालेची आठवण करून देते. मात्र ही ४६ अक्षरे केवळ क्रमाने घोकू नयेत. क्रम मोडून ओळखता येईपर्यंत सराव करावा. उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याची सवयही पहिल्या महिन्यातच सोडावी, कारण जर्मनमधील काही स्वरांना देवनागरीत अचूक अक्षर नाही.

निजामाच्या राजवटीत शिकलेल्या मराठवाड्यातील पिढीच्या कानी उर्दू शाळेबाहेर कचेरीतही पडत असे. जर्मन किंवा जपानीला इथे तसा शेजार नाही, तो मुद्दाम निर्माण करावा लागतो. जर्मनीची डॉइचे वेले आणि जपानची एनएचके वर्ल्ड या प्रसारण संस्थांचे मोफत धडे त्यासाठी चांगले आहेत. एकच छोटा संवाद आधी मजकूर न पाहता ऐकावा, नंतर मजकूर पाहावा आणि शेवटी निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने म्हणावा. घरात संकोच वाटत असल्यास गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर म्हणावा, पण मनातल्या मनात म्हणू नये.

परीक्षेचे स्वरूप आधीच पाहून घ्यावे. गोएथे इन्स्टिट्यूट या संस्थेच्या जर्मनच्या ए-१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही गोष्टी तपासल्या जातात. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या जेएलपीटी या जपानी परीक्षेत मात्र बोलण्याची चाचणी नसते. त्यामुळे लेण्यांत मार्गदर्शक म्हणून काम करू इच्छिणाऱ्याने केवळ त्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. आठवड्यातून किमान दोनदा एखाद्या सहाध्यायासोबत, चुका होतील हे गृहीत धरूनच, एखाद्या लेण्याची माहिती जपानीत सांगण्याचा सराव ठेवावा.