मुंबई–लंडन: अंतर आणि उड्डाणाचा वेळ काढताना या चुका टाळा

तिकिटावर लिहिलेलं असतं: मुंबई, दुपारी १:१५, लंडन, संध्याकाळी ६:००. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘अरे, पावणेपाच तासांत लंडन!’ तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. तिची थेट वजाबाकी ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

नमुना पाहा. लेकीच्या बाळंतपणासाठी जूनमध्ये निघालेले आईवडील. वडिलांची मधुमेहाची गोळी रात्री साडेआठची. घरच्यांनी पावणेपाच तास धरले आणि ‘उतरल्यावर घ्या’ म्हणून गोळ्या चेक-इनच्या बॅगेत टाकल्या. प्रत्यक्षात विमान टेकलं तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा झालेले. पुढे इमिग्रेशनची रांग, मग बेल्ट. बॅग हाती येईपर्यंत इकडे मध्यरात्र. गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या आणि त्यांच्या वेळा आधी डॉक्टरांना विचारायच्या, हे वेगळं सांगायला नकोच.

उपाय साधा. आधी दोन्ही वेळा भारतीय करा, मगच वजाबाकी. जूनमध्ये लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणून लंडनचे ६ अधिक साडेचार तास म्हणजे साडेदहा. त्यातून सव्वा वजा केला की सव्वानऊ तास. कागदावर लिहून करा. तोंडी करणाऱ्यांची घाई परतीच्या तिकिटावर हमखास नडते, कारण तिथे तारीखही बदलते.

हा फरक साडेचार तासांचा असतो तो फक्त मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. एरवी साडेपाच. ‘पाचच धरू’ म्हणणाऱ्यांचं गणित बाराही महिने चुकतं.

दुसरा आवडता शॉर्टकट: अंतर भागिले ९००, म्हणजे विमानाचा ताशी वेग किलोमीटरमध्ये. हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी, म्हणून आठ तास. हा नुसता भागाकार झाला. लंडनकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो. तो सरासरी ताशी ८० किमी धरला तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८२०, आणि आठाचे पावणेनऊ तास होतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधीच्या घिरट्या यांचा वेळ त्यावर. परतीला तोच वारा पाठीशी असतो, म्हणून येताना साधारणपणे कमी वेळ लागतो. जाण्याचा वेळ दुप्पट करून येण्याजाण्याचा हिशेब मांडू नका.

शिवाय ७,२०० हा आकडा पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचा. विमान तसंच जाईल असं नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे एकाच दिवशी दोन कंपन्यांचे वेळ वेगळे दिसले तर दचकू नका. जुन्या तिकिटावरून वेळ सांगू नका, चालू वेळापत्रक बघा.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका.

एकक वाचा: ३,८९० नॉटिकल मैल, ४,४७५ मैल आणि ७,२०० किमी हे एकच अंतर आहे.

‘लंडन’ म्हणजे हीथ्रो की गॅटविक, ते तिकिटावर बघा. घ्यायला येणाऱ्यालाही तेच कळवा.

आणि दुबईमार्गे तिकीट असेल तर ‘एकूण १४ तास’मध्ये थांबाही धरलेला असतो. दोन्ही उड्डाणांचे वेळ वेगळे काढा आणि उरलेला थांबा दोन तासांपेक्षा कमी असेल, तर स्वस्त म्हणून ते तिकीट घेऊ नका.