स्पीच थेरपी असिस्टंट आहात? मुलाची बोलायची पाळी हिरावणाऱ्या या चुका टाळा

नवीन असताना माझ्या सेशनमध्ये सर्वांत जास्त कोण बोलत असे? मी. टेबलावर चेंडू ठेवला की सरबत्ती सुरू: "हे काय? चेंडू. म्हण, चेंडू! रंग कुठला? लाल ना? म्हण, लाल!" पालकांच्या परवानगीने केलेलं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग थेरपिस्टताईंनी मला दाखवलं, तेव्हा लाज वाटली. मुलाला तोंड उघडायलाही फट ठेवली नव्हती मी.

बाकीच्या बऱ्याच चुका या घाईच्याच पोटातून निघतात. एकदा विचारलं की मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा ठेवणं अवघड होणं) असलेल्या मुलाला ऐकलेलं समजून घ्यायचं, शब्द शोधायचा, मग श्वास, जीभ, ओठ यांची मोट बांधायची, एवढं सगळं करायचं असतं. त्याला दहाही पुरत नाहीत. मध्येच प्रश्न पुन्हा विचारलात तर बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. (त्याचे पाय खुर्चीतून लोंबकळत नाहीत ना, हेही बघा. तोल सांभाळण्यातच ताकद गेली तर बोलायला काय उरणार?) आणि प्रश्न कमी करा. "चेंडू गेला... खाली!" असं नुसतं बोलून थांबलं, तरी मुलं पुष्कळदा आपणहून काहीतरी जोडतात.

"मी म्हटलं की म्हणतो, एरवी नाही"

ही तक्रार नेहमीची. पण मूल अडलेलं नसतं, आपल्या मदतीची वाट बघत असतं. पाणी हवंय हे कळताच आपण "पाणी म्हण" म्हणतो, म्हणजे सगळं काम आपणच केलेलं असतं. आधी नुसतं थांबा. मग पेल्याकडे बघा किंवा बोट दाखवा. मग "पा..." एवढंच. पूर्ण शब्द अगदी शेवटी. आणि काल "पा..." वर जमलं असेल, तर आज त्याच्या एक पायरी अलीकडे थांबून बघायचं.

नोंदवहीतही हाच घोळ होतो. "दहापैकी आठ बरोबर" या ओळीवरून थेरपिस्टला काहीच कळत नाही. आठपैकी दोन आपणहून, तीन पहिल्या अक्षरावर आणि तीन पूर्ण शब्द ऐकून, असं लिहिलं तरच पुढचं टार्गेट ठरवता येतं. आकडे चांगले दिसावेत म्हणून मदत लपवू नका. मी लपवली आहे. एका मुलाचं टार्गेट त्यामुळे लवकर वाढवलं गेलं आणि तो पुढचे काही आठवडे नुसता रडत होता.

चित्रकार्डं आणि बोर्ड

चित्रं दिली की बोलणं राहून जाईल, ही भीती पालकांइतकीच नव्या असिस्टंटलाही असते. ती निराधार आहे. चित्रांमुळे किंवा बोलणाऱ्या टॅबमुळे बोलणं खुंटत नाही. काही मुलांचं तर वाढतं.

अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये अमेरिकेत विकसित केलेल्या पेक्स पद्धतीत (यात मूल चित्राचं कार्ड देऊन हवी ती वस्तू मागायला शिकतं) पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर आवडती वस्तू घेऊन बसते, दुसरी मुलाच्या मागे बसून कार्ड उचलून द्यायला गुपचूप मदत करते. समोरच्याने "काय हवंय?" विचारायचं नसतं, मागच्याने बोलायचंच नसतं. कारण सुरुवात मुलाने करायची आहे. आपण विचारलं की तो फक्त उत्तर द्यायला शिकतो, मागायला नाही.

चित्रांचा बोर्ड समोर ठेवून मुलाची परीक्षा घेऊ नका. "गाय दाखव, घोडा दाखव" यात संवाद कुठे आहे? तुम्ही बोलताना स्वतः चित्रांवर बोट ठेवत जा. आणि शिक्षा म्हणून बोर्ड कधीही काढून घेऊ नका. ते त्याचं तोंड बंद करण्यासारखंच झालं.

उच्चार अडला की

मूल "काका"ला "ताता" म्हणतंय आणि आपण दहा वेळा "नीट म्हण" म्हणतोय, याने फक्त मूल गप्प होतं. दोन्ही आवाजांतला फरक त्याला ऐकू येतो का, ते आधी बघा. येत असेल तर कार आणि तार अशी दोन चित्रं मांडा. त्याने कार मागताना "तार" म्हटलं की निमूट तारेचं चित्र द्या. चेहरा बघण्यासारखा होतो! शिट्ट्या वाजवून आणि मेणबत्त्या विझवून उच्चार सुधारतात याला मात्र भक्कम पुरावा नाही; खेळ म्हणून ठीक, टार्गेट म्हणून नको.

श्रवणयंत्र लावणारं मूल अचानक दुर्लक्ष करायला लागलं, तर "आज मूड नाही" लिहिण्याआधी बॅटरी, कानात बसणाऱ्या साच्यातला मळ आणि नळीतला ओलावा तपासा. मग ऐकू येतंय का हे बघायला डॅनियल लिंग यांचे सहा आवाज घ्या: आ, ई, ऊ, म, श, स. तोंड दिसू देऊ नका, नाहीतर मूल ओठ वाचून उत्तर देतं. दोन आवाजांमधलं अंतरही बदलतं ठेवा, कारण ठेका कळला की ते अंदाजाने मान डोलावतं.

इथे हात आखडता घ्या

भरवताना खोकला, डोळ्यांत पाणी किंवा घशात काहीतरी गुळगुळल्यासारखा ओला आवाज आला, तर भरवणं तिथेच थांबवा आणि थेरपिस्टला लगेच कळवा. खाणं पातळ-घट्ट करून बघणं हे आपलं काम नाही. गिळण्यातली चूक फुप्फुसापर्यंत जाते.

आणि दारात चपला घालता घालता आई विचारते, "हा बोलेल ना?" धीर द्यावासा वाटतो, जीभ सैल सुटते. मी आता एवढंच म्हणते: "हे ताईच सांगू शकतील, मी आजच त्यांच्या कानावर घालते. पण आज त्याने काय केलं ते सांगू? झाकण उघडत नव्हतं, तर डबा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत थांबला."