जुन्या पद्मिनीसाठी घरी काय करावं: पॅकिंग, बुशाचा बोल्ट, टेस्ट लॅम्प

मुंबईत प्रीमियर पद्मिनी या मोटारीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या तोवर दुकानदार तिचा माल भरून ठेवत. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या बंद झाल्या. आता इंजिनाच्या टायमिंग कव्हरच्या साध्या पॅकिंगसाठीही चार दुकानं पालथी घालावी लागतात. माझं मत सरळ आहे. दोन भागांच्या सांध्यात तेल-पाणी अडवणारी पॅकिंगं आणि काम सोपं करणारी अवजारं घरी करा. ब्रेकचे पाइप, होज, व्हील सिलिंडरची रबरं, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट मात्र नवे आणि खात्रीचेच आणा. तिथं जुगाड म्हणजे जिवाशी खेळ. इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केटही घरी होत नाही.

जुनं पॅकिंग फाटलेलं असलं तरी फेकू नका, आधी त्याची जाडी बघा. पेट्रोल पंपाखालचं तर मोजूनच घ्या. पंपाला इंजिनातल्या कॅमकडून किती ढकल मिळणार हे त्या जाडीवर ठरतं. जाड कागद घातला की ढकल कमी पडते आणि चढावर गाडीला पेट्रोल पुरत नाही. चिकटलेलं पॅकिंग खरवडताना ते पाण्यानं ओलं ठेवा, धूळ फुंकू नका. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

बरेच मिस्त्री कागद थेट भागावर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जातात. बिडाच्या भागावर ते चालतं. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. तिथं कड एकदा दबली की कितीही चांगलं पॅकिंग घाला, पाणी झिरपणारच. म्हणून ठसा घ्या. भागाचं तोंड स्वच्छ पुसा, त्यावर बोटानं ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि तो भाग पॅकिंग पेपरवर सरळ दाबा. छाप स्वच्छ उमटते.

आधी भोकं पाडा, कड शेवटी कापा. भोकांसाठी पंच विकत आणायची गरज नाही. बोल्टपेक्षा जरा मोठ्या आतल्या व्यासाचा लोखंडी पाइप बोटभर कापा आणि बाहेरून कानशीनं उतार देऊन त्याला धार लावा. कागद लाकडाच्या ओंडक्यावर, त्याच्या उभ्या रेषांच्या तोंडावर ठेवा आणि एकच ठोका द्या. भोक बोल्टाइतकंच घट्ट ठेवलं तर बसवताना कागद गोळा होतो. दोन भोकांत बोल्ट घालून कागद भागावर नीट बसतोय का बघा, मगच बाहेरची कड कात्रीनं कापा. टॅपेट कव्हरला कागद नको, कॉर्कशीट घ्या. पॅकिंग बसवण्याआधी पुठ्ठ्यावर त्याची रेघ मारून नाव लिहून ठेवा, पुढच्या वेळी गाडी खोलण्याआधीच पॅकिंग तयार असेल.

आता बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यात धक्के झेलणारं रबर. लोखंडी नळीतलं रबरी बुश हातोडीनं काढू नका, त्याचं घर वाकडं होतं. डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) कोरलेला लांब बोल्ट घ्या. त्याच्यासोबत दोन तुकडे लागतात: बुशाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित बारीक असा भरीव गोल तुकडा, आणि बुश आत मावेल असा पाइप. गोल तुकड्याला मधून बोल्टापुरतं भोक हवं. तो बुशाच्या एका बाजूला, पाइप दुसऱ्या बाजूला, मधून बोल्ट, नटाखाली जाड वायसर. आट्यांना ग्रीस लावून नट फिरवत राहा. बुश शांतपणे पाइपात सरकतं. आम्हा कोल्हापूरकरांना कारखान्यांचं उद्यमनगर हाताशी आहे, लेथवाला भंगारातल्या रॉडमधून दोन्ही तुकडे करून देतो. नवं बुश याच बोल्टानं आत ओढून घ्या. बुशातून जाणारा गाडीचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच. हवेत आवळलात तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. गाडीखाली काम करताना विटांचा टेकू कधीही लावू नका. वीट न सांगता फुटते. स्टँड विकतचेच घ्या.

टेस्ट लॅम्प सगळ्यात स्वस्त. १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, एकीला मगर क्लिप, दुसरीला जाड सुई. फ्यूज, हॉर्न, दिवे यांच्यापर्यंत करंट येतो का ते कळतंच, पण त्याची खरी किंमत टायमिंगला, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते जुळवताना कळते. क्लिप बॉडीला लावा, सुई कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला. चावी चालू करून इंजिन हातानं सावकाश पुढं फिरवा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (उघडमीट करून करंट जोडणारे-तोडणारे) मिटलेले असताना दिवा विझलेला असतो, उघडताक्षणी लागतो. स्पार्क पडतो तो तिथंच. पुलीची खूण आणि दिवा यांची वेळ जुळेपर्यंत डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवा, मग आवळा. काम झालं की चावी लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीला मात्र हा बल्ब लावू नका, तो जास्त करंट ओढतो आणि तिथले नाजूक सर्किट जळू शकतात.