टोमॅटो-बेझिल पेस्तो: या चुका टाळा

पेस्तो (पास्त्यात कालवायची बेझिलच्या पानांची इटालियन चटणी) बिघडला की मला फोन येतो आणि मी आधी विचारते, पानं कुठली घातलीस? "वृंदावनातली तुळस." अहो, तुळस बेझिलच्या कुळातली खरी, पण तिचा वास लवंगेच्या अंगाचा. मूठभर वाटली की पास्त्याला काढ्याची चव येते. बेझिल म्हणजे सब्जा, ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो. आमचे कानडी शेजारी त्याला कामकस्तुरी म्हणतात. कुंडीत पेरा, सहज उगवतो.

दुसरी चूक टोमॅटोच्या पाण्याची, आणि तिच्यामागे असते ती घाई. गेल्या पावसाळ्यात टिळकवाडीत भाचीकडे दहा माणसं जेवायला होती. तिनं टोमॅटो, पानं, तेल सगळं एकदम मिक्सरला लावलं. मी भांड्याला हात लावला तर कोमट! आत गुलाबी फेस, पानं शेवाळी, ऑलिव्हचं तेल कडवट. ताटात पास्ता एकीकडे नि पाणी एकीकडे. मग आटवायला म्हणून कढईत ओतलं, तर उरलासुरला वासही उडाला. "मावशी, वेळच नव्हता गं," म्हणाली. वेळ नसेल तर साधं टोमॅटोचं सार करावं, पेस्तो करू नये.

इटलीत सिसिली बेटावर त्रापानीला हा पेस्तो बदाम घालून खलबत्त्यात करतात. पेस्तो म्हणजेच कुटलेलं. मी टोमॅटो अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाकून सोलते, बिया काढते, चिरून मीठ लावते आणि चाळणीत अर्धा तास ठेवते. खाली उतरलेलं पाणी सारात जातं. आधी लसूण-मीठ कुटायचं, मग बदाम (माझ्याकडे बहुधा चंदगडचे काजू असतात), मग पानं, शेवटी टोमॅटो आणि तेलाची धार. मिक्सरच वापरायचा तर भांडं फ्रीजमध्ये गार करा आणि थांबत थांबत फिरवा.

लसूण चौघांना दोन पाकळ्या, जास्त नको. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, बेझिलचा वास त्याखाली दबतो. चीज क्यूब चिकट गोळा होतात. जुनं, कडक चीज किसून घाला. पास्ता नळाखाली धुऊ नका, त्याचं पिठाळ पाणी अर्धी वाटी काढून ठेवा. पेस्तो गॅस बंद केल्यावरच मिसळायचा; घट्ट वाटला तर त्यातलंच पाणी चमच्याचमच्यानं घाला.