अरबी कवितेतलं शहर आणि परागंदा माणूस : सुरुवात कुठून करावी

आधुनिक अरबी कविता वाचू लागलेल्या मराठी माणसाला पहिली ठेच ओळखीच्या शब्दांपाशीच लागते. ‘वतन’ म्हणजे आपल्याकडे पाटीलकी-देशमुखी, अरबीत मायभूमी. आपला ‘गरीब’ मुळात तिथला ‘घरीब’, म्हणजे परका माणूस. त्याच धातूचा ‘घुर्बा’ म्हणजे परमुलखातलं परकेपण, तर ‘मन्फा’ म्हणजे हद्दपारीची जागा. इंग्रजी अनुवादात या दोन्हींसाठी अनेकदा एकच शब्द येतो आणि कवितेचा अर्धा जीव जातो. म्हणून मूळ शब्द कोणता, हे आधी शोधा. अरबी लिपी येत नसेल तर निदान दोन अनुवाद शेजारी ठेवा. ते जिथे वेगळे पडतात, तिथेच थांबायचं.

दुसरी चूक जास्त महागात पडते. इराकी कवी बद्र शाकिर अस्-सय्याब बसऱ्याजवळच्या जयकूर या खेड्यातला. त्याच्या कवितेत शहराच्या वाटा चिखलाचे दोर होऊन माणसाला आवळतात. इजिप्तचा कवी अहमद हिजाझी याच्या १९५९च्या संग्रहाचं नावच ‘हृदय नसलेलं शहर’, आणि ते शहर कैरो. गाव सोडून आलेल्याचं हे दुःख आपल्याला चटकन कळतं, आणि मग तोच चष्मा लावून आपण पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश वाचतो. तिथे तो चालत नाही. सय्याबच्या मागे जयकूर उभं होतं. दरवीशचं गॅलिलीतलं गाव अल-बिरवा १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात उद्ध्वस्त झालं. लेबनॉनहून कुटुंब परतलं तेव्हा इस्रायली कायद्याने ते ‘हाजिर-गाइब’ ठरलं. हजर आणि गायब, एकाच वेळी! त्याच्या कवितेतल्या ‘मी’चे दोन तुकडे का होतात, याचं एक मूळ या सरकारी शब्दात आहे. १९८२च्या इस्रायली वेढ्यातलं बैरूत त्याच्यासाठी गावाचं विरुद्ध टोक नाही, तात्पुरता निवारा आहे, आणि तोही सुटतो. २००२च्या वेढ्यातलं रामल्ला पुन्हा निराळं.

त्यासाठी वहीत तीन रकाने पाडा : लिहिल्याचं साल, लिहिल्याची जागा, कवितेत आलेली जागा. १९४८ आणि १९६७ (अरब-इस्रायल युद्धं) आणि १९८२ (बैरूतचा वेढा) या सालांखाली ठळक रेघ मारा. दुसरा आणि तिसरा रकाना जुळत नाही, त्या कविता आधी घ्या.

छंदही सोडू नका. जुन्या अरबी कवितेतल्या ओळीला ‘बैत’ म्हणतात, आणि घरालाही बैतच. त्या ओळीचे दोन समान भाग असत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस इराकी कवयित्री नाझिक अल-मलाइका आणि सय्याब यांनी ती मांडणी मोडून एकेका गणावर लहानमोठ्या ओळी रचल्या. सय्याबचं ‘पावसाचं गाणं’ मोठ्याने ऐका. रजझ या अरबी वृत्ताचा ‘मुस्तफ्इलुन्’ हा गण बोटांवर मोजा, आणि ‘मतर, मतर, मतर’ (पाऊस, पाऊस, पाऊस) आलं की मोजणं थांबवा.