पुण्यात खोली घेतलीत? मोठ्या प्लॅनआधी राउटर हलवा

लातूर-नांदेडकडून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या पोरापोरींचे फोन येतात, त्यात भाडं आणि मेस झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: बेडरूममध्ये वायफाय येत नाही, मोठा प्लॅन घेऊ का?

नका घेऊ. प्लॅनचा वेग राउटरपर्यंत. तिथून पुढं भिंतींचं राज्य. हिंजवडी-वाकडच्या बऱ्याच नव्या टॉवरांत विटा नसतातच, अख्खी भिंत सळईच्या काँक्रीटची. पेठेतल्या जुन्या वाड्यात उलटं, माती-विटांच्या हातभर जाड भिंती. दोन्हीकडं सिग्नल मार खातो.

खरी लढाई कनेक्शनच्या दिवशी असते. फायबर जोडणारा माणूस दारातून येतो, जवळचा प्लग बघतो आणि चपलांच्या रॅकवर राउटर ठेवून मोकळा होतो. त्याला अजून चार घरं करायची असतात, त्याचंही बरोबर. पण तो ड्रिल बाहेर काढायच्या आत बोला: "दादा, वायर मधल्या पॅसेजपर्यंत घ्या, जास्तीचे पैसे सांगा." भोक पाडायचं असेल तर मालकाला आधीच विचारा, पुण्यात डिपॉझिट हा चेष्टेचा विषय नाही. राउटर घराच्या मध्याजवळ, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर हवा. लोखंडी कपाटाच्या आड, टीव्हीमागं, मोठ्या आरशाजवळ नको. अँटेना उभ्या ठेवा, सिग्नल त्यांच्या टोकातून नाही, बाजूंनी पसरतो.

फोनमध्ये राउटरची बहुधा दोन वायफाय नावं दिसतात, दोन वेगळ्या रेडिओ-पट्ट्यांची. २.४ गिगाहर्ट्‌झचं भिंती बऱ्यापैकी ओलांडतं, पण हळू. ५ चं वेगवान, त्याच खोलीत वापरायचं. सोसायटीत २.४ वर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी, म्हणून सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलं जे कमी भरलेलं ते निवडा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो. ऐन जेवणाच्या वेळी कॉल अडखळला तर कंपनीला शिव्या देण्याआधी ओट्याकडं बघा.

अँड्रॉइडवर सिग्नल मोजणारी फुकट ॲप मिळतात. आकडा डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) येतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट, उणे ८० ला आशा सोडा.

एवढं करूनही कोपरा कोरडाच राहिला तर रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढं पाठवणारा डबा. तो त्या कोपऱ्यात लावू नका, अर्ध्या वाटेवर, जिथं सिग्नल अजून धड आहे तिथं लावा. स्वस्तातला एकाच पट्ट्यावर घेतो आणि देतो, त्यामुळं वेग साधारण निम्मा होतो. तिघं-चौघं घरून काम करणार असाल तर वर्गणी काढून त्या खोलीपर्यंत कॅट-६ (नेटची जाड केबल) वायर ओढा आणि टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तिथं वायफायनं पसरवायला, लावा. माझं मत विचाराल तर वायरच.

खोली बघायला जाल तेव्हा सोसायटीत कोणकोणत्या कंपनीची नेटची लाइन येते हे वॉचमनला विचारा. एजंटला विचारलंत तर "सगळं आहे" असंच ऐकायला मिळेल.

आणि गुरुवार! इथं देखभालीसाठी लाइट जाते ती बहुधा गुरुवारी. राउटरसाठी छोटा यूपीएस (लाइट गेल्यावर चालणारी बॅटरी) मिळतो, घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवून घ्या. फायबरची वायर ज्यात येते तो डबा राउटरहून वेगळा असेल तर तोही त्यावरच जोडा, नाहीतर वायफाय दिसतं आणि नेट नसतं.